पालवणकर बाळू : दीर्घ कारकीर्द आणि नाकारलेले कर्णधारपद

१. 'अंगी गुण असला की जात आड येत नाही' हे पटवून देण्यासाठी पालवणकर बाळूंचे नाव हमखास घेतले जाते. भारतीय क्रिकेटमधील हे पहिले थोर फिरकी गोलंदाज. मात्र त्यांची कारकीर्द सलग वाचली तर ती नेमकी उलट साक्ष देते. गुण सर्वांनी मानला, वापरलाही. मान मात्र मागावा लागला.

२. आडनावाचे मूळ रत्नागिरीकडच्या कोकणातले, जन्म धारवाडचा, बालपण पुण्यातले. कुटुंब चर्मकार समाजाचे, वडील लष्कराच्या नोकरीत. त्या काळी कोकणातील अनेक अस्पृश्य घराण्यांना गावाच्या वेशीबाहेर नेणारी वाट लष्करातूनच जात होती. मंडणगडजवळच्या आंबडवे गावचे सकपाळ, म्हणजे डॉ. आंबेडकरांचे घराणे, याच वाटेने बाहेर पडले.

३. बाळूंची क्रिकेटमधील पहिली नोकरी खेळाडूची नव्हती. पुण्यातील पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्यासाठी त्यांना महिना ३ रुपये मिळत. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ते ४ रुपये झाले. रोलर फिरवणे, जाळी लावणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम.

४. तेथील कॅप्टन ग्रेग हा नामांकित फलंदाज. आपल्याला बाद केल्यास तो बाळूंना दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. तासन्‌तास चाललेल्या या मजुरीतून डावखुरी फिरकी घडली. पण या जाळीत बाळूंच्या हाती बॅट कधी आली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, फलंदाजी हा साहेबांचा अधिकार. खेळातही कामाची वाटणी होतीच.

५. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, हे पुण्याच्या हिंदू क्लबाने ओळखले. बाळू संघात आले. मैदानात ज्या चेंडूला सर्वांचे हात लागत, त्याच चेंडूवर बाळूंचीही बोटे फिरत. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात येई. जेवणाची पंगतही वेगळी.

६. पुण्यात प्लेग आल्यावर बाळू मुंबईत आले. बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी आणि तिच्याच संघातून खेळ, शिवाय परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याचा संघ, असा त्यांचा दुहेरी संसार सुरू झाला. राजेरजवाडे हौसेखातर खेळत होते, त्या काळात बाळूंचे पोट याच खेळावर होते.

७. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळूंचा त्यात मोठा वाटा होता. वृत्तपत्रांनी या विजयात राष्ट्राचा गौरव पाहिला. पण तो मिळवून देणाऱ्याचे सामाजिक स्थान त्या दिवशीही बदलले नाही.

८. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, तेही वयाच्या पस्तिशीत. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात एकट्या त्यांचे ११ बळी होते.

९. परतल्यावर सत्कार झाले, कर्णधारपद मिळाले नाही. चौरंगी स्पर्धेत वर्षामागून वर्षे सवर्ण कर्णधार निवडले गेले. हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता, हे त्यांपैकी एक कर्णधार एम. डी. पै यांनीच जाहीरपणे मान्य केले. औदार्याचे शब्द होते. निवड समिती हलली नाही.

१०. १९२० हे निर्णायक वर्ष. बाळूंना वगळले गेले. आजारी पैंच्या जागी, विठ्ठल पालवणकर हाताशी असताना, दि. ब. देवधर कर्णधार झाले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या बाळूंच्या भावांनी आपली कैफियत जाहीर करून संघातून अंग काढून घेतले.

११. येथे एक आक्षेप रास्त आहे : पंचेचाळिशीतल्या गोलंदाजाला वगळण्यात गैर काय? वयाचा मुद्दा बाळूंपुरता ठीक. पण तो ऐन उमेदीतल्या विठ्ठलला लागू होत नव्हता. लोकमत तापले; अंतिम सामन्यासाठी भाऊ परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. पैंनी मैदान सोडल्यावर थोडा वेळ का होईना, हिंदू संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९२३ मध्ये विठ्ठल पूर्ण अधिकाराने कर्णधार झाले.

१२. हिशेब सरळ आहे. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, सरासरी १५.२१ ने १७९ बळी. एवढ्याने जे झाले नाही, ते दोन भावांच्या नकाराने काही दिवसांत घडवले.

१३. पुढे राजकारणात बाळूंनी संयुक्त मतदारसंघांची बाजू घेतली. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. कोकणात मूळ असलेल्या दोन लष्करी घराण्यांतील ही दोन माणसे. एकाचा भरवसा सवर्णांचे मन वळेल यावर, दुसऱ्याचा हक्क हाती घेण्यावर. गंमत अशी, की १९२० चा अनुभव बाळूंच्या घरातला असूनही तो दुसऱ्या मार्गाच्या बाजूने बोलत होता.

१४. ४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे निधन झाले. विठ्ठलांनी 'माझे क्रीडा-जीवन' लिहून आपली बाजू नोंदवली. बाळूंच्या वाट्याला धावफलकातले आकडेच आले. ते आकडे सांगताना चहाचे वेगळे भांडे आणि १९२० चा नकारही सांगावा. एरवी इतिहासाच्या नावाखाली उरते ती फक्त यशोगाथा, आणि ती सोयीची असते ती वगळणाऱ्यांनाच.