भंगार नको, उतरणही नको

एप्रिल २०१०. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काही माणसांची कातडी काळी पडू लागली, केस गळू लागले. तपासात कळले ते असे : दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून एक कॅनडात बनलेले गॅमा विकिरण यंत्र वापराविना पडून होते. फेब्रुवारीत ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. आत कोबाल्ट-६० होते. कामगारांनी यंत्र फोडले, शिशाचे आवरण वेगळे केले. एकाच्या तर पैशाच्या पाकिटात कोबाल्टचा तुकडा होता. एक कामगार मेला, इतरांना दवाखान्यात दाखल करावे लागले. विद्यापीठाचा किरणोत्सारी साधने वापरण्याचा परवाना निलंबित झाला. लोक विसरले.

आपण विसरू नये. भंगार कोण फोडतो, कोण वेचतो, हे आपल्या वस्तीत वेगळे सांगावे लागत नाही. पुण्याच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया आहेत, हा योगायोग नव्हे. म्हणजे विज्ञानाच्या यंत्राचा आणि आपल्या माणसाचा संबंध येतो तो यंत्र मेल्यावर, मेलेले ढोर ओढायला गावकुसाबाहेर निरोप यावा तसा. यंत्र जिवंत असते तेव्हा त्या खोलीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते.

(ते गॅमा यंत्र कुठल्या कॉलेजला द्यायला हवे होते, असे माझे म्हणणे नाही. किरणोत्सारी साधन नियमाप्रमाणे सुरक्षित विल्हेवाटीलाच जायला हवे. पण निवृत्त होणारी बहुतेक उपकरणे तशी नसतात. सूक्ष्मदर्शक, व्हॅक्युम पंप, वर्णपटमापक, ऑसिलोस्कोप, अचूक तराजू ही त्यातलीच.)

आता दुसरी गोष्ट. बर्लिनमध्ये बेसी-१ नावाचे सिंक्रोट्रॉन होते. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गोल फिरवायचे आणि त्यातून निघणाऱ्या प्रखर किरणांनी प्रथिनांपासून मातीपर्यंत काहीही आतून तपासायचे, असे हे यंत्र. नवे यंत्र आल्यावर १९९९ च्या अखेरीस ते बंद झाले. त्याआधीच, १९९७ मध्ये, हर्मन विनिक आणि गुस्ताव-अडोल्फ फॉस या दोन शास्त्रज्ञांनी सुचवले होते की हे मोडीत काढू नका, मध्यपूर्वेला द्या. जर्मनीने दिले. २००२ मध्ये सुटे भाग जॉर्डनमध्ये पोहोचले. युनेस्कोच्या छत्राखाली अम्मानजवळच्या अल्लान गावी सेसामी ही प्रयोगशाळा उभी राहिली. इराण आणि इस्राएल, पॅलेस्टाईन आणि पाकिस्तान, तुर्कस्तान आणि सायप्रस एकाच परिषदेच्या टेबलावर बसतात. एकमेकांचे तोंड न पाहणारी राज्ये एका जुन्या यंत्राभोवती जमली. आपल्याकडे एका विद्यापीठाचे दोन विभाग एक उपकरण वाटून घेत नाहीत.

इथे मला आपल्यातल्याच एका आक्षेपाला उत्तर द्यायचे आहे, कारण तो खरा आहे. एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक तरुण कार्यकर्ता ताडकन म्हणाला, “दादा, म्हणजे त्यांनी वापरून टाकलेलं आपण घ्यायचं? उतरणच की ही!” बरोबर. उतरलेले कपडे, शिळे तुकडे, मेलेल्या जनावराचे मांस : हे सारे सोडा म्हणून बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले. मग आता उतरलेली यंत्रे मागायची?

सेसामीकडे नीट पाहा. बेसीची ऊर्जा ०.८ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट होती आणि ती आपल्या कामाला पुरणार नाही, असे घेणाऱ्यांनीच ठरवले. जुन्या यंत्राचा मायक्रोट्रॉन आणि बूस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनांना सुरुवातीचा वेग देणारा भाग, त्यांनी ठेवला. मुख्य कडे मात्र २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे, नवे कोरे बांधले. त्याच्या चुंबकांसाठी युरोपीय संघाचा पैसा आणि सर्नचे कौशल्य आले. इंग्लंडच्या डेअर्सबरीतल्या बंद पडलेल्या सिंक्रोट्रॉनचे भागही घेतले. २०१३ च्या हिमवादळात छप्पर कोसळले, तरी काम थांबले नाही. मे २०१७ मध्ये उद्घाटन झाले. सुटे भाग आल्यापासून पंधरा वर्षे! त्या वर्षांत त्या देशांतली माणसे जगभरच्या प्रयोगशाळांत शिकून तयार झाली. पुढे वीज महाग पडते म्हणून स्वतःचा सौर प्रकल्पही उभारला. उतरण घेणाऱ्याला काय ठेवायचे, काय नाकारायचे हे विचारत नाहीत. इथे घेणाराच ठरवत होता.

बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोला निवेदन दिले. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, आणि ते आमच्या ऐपतीबाहेरचे असल्याने सरकारने खर्च उचलावा, अशी त्यात मांडणी आहे. ८० वर्षे उलटली. शिष्यवृत्ती आली (उशिरा येते ती वेगळी), राखीव जागा आल्या. पण मराठवाड्यातल्या माझ्या कॉलेजात बी.एस्सी.च्या तीन वर्षांत वर्णपटमापक मी कपाटाच्या काचेतूनच पाहिला. प्रात्यक्षिकाची वही आम्ही मागच्या वर्षीच्या मुलांच्या वहीवरून उतरवून घ्यायचो. आकडे ठरलेले, चूकही ठरलेली. पुढे मुलाखतीत उपकरणावर प्रश्न आला की आमची मुले गप्प, आणि समोरची मंडळी म्हणणार : गुणवत्ता नाही.

सरकारला हे अगदीच ठाऊक नाही असे नाही. केंद्राच्या विज्ञान विभागाने २०२२ मध्ये संशोधन उपकरणे वाटून वापरण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून त्यांना नाव दिले ‘श्रीमान’. नाव ठेवणाऱ्याला विनोद कळला असेल का? असो. मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. जुनी वस्तू निरुपयोगी ठरली की लिलाव किंवा निविदा हाच कचेरीचा सरावाचा रस्ता, आणि लिलावात बोली भंगारवाल्याची चढते. कॉलेज बोली लावत नाही.

म्हणून मागणी अशी हवी : सरकारी पैशातून घेतलेले उपकरण लिलावात काढण्याआधी ते ग्रामीण, आदिवासी आणि मागासवर्गीय विद्यार्थी जास्त असलेल्या कॉलेजांना दाखवलेच पाहिजे. निवड कॉलेज करेल. नकार देण्याचा हक्क त्याचा. सोबत दुरुस्तीचा पैसा आणि ते चालवायला शिकवणारा माणूस. हे दोन नसतील तर यंत्र घेऊच नये, ते कपाटातच जाईल. आणि जे शेवटी भंगारातच जायचे आहे ते तपासून, प्रमाणपत्र लावून जावे. फोडणाऱ्याच्या जिवाची किंमत लिलावाच्या कागदावर कुठेतरी दिसली पाहिजे.

सुरुवात माहिती अधिकाराने करू. आपल्या जिल्ह्यातले विद्यापीठ, कृषी विद्यापीठ, केंद्राची प्रयोगशाळा, जे असेल ते निवडा. विचारा : गेल्या पाच वर्षांत निर्लेखित केलेल्या वैज्ञानिक उपकरणांची यादी, प्रत्येकाची खरेदी किंमत, लिलावात आलेली रक्कम, घेणाऱ्याचे नाव, आणि एखाद्या शिक्षणसंस्थेला विचारले होते का. राज्याच्या कार्यालयाला अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चालते, केंद्राच्या कार्यालयाला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तरे आली की एकत्र करू, आकडे पाहू, मग मोर्चा कुठे न्यायचा ते ठरवू.