लक्षाचीही तासिका हवी

जूनचा तिसरा आठवडा मावळात गजबजलेला असतो. वाफ्यांत भाताची रोपे वर येऊ लागतात, शाळांच्या घंटा पुन्हा वाजतात आणि २१ तारखेला मैदानावर किंवा वऱ्हांड्यात सतरंज्या अंथरून योगदिन साजरा होतो. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी या दिवसाला मान्यता दिली आणि २०१५ पासून जगभर तो पाळला जातो. लोणावळ्याला मात्र या विषयाची ओळख त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधामची स्थापना केली. २०२४ मध्ये या संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली.

सकाळची आसने संपतात, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि संध्याकाळी तोच विद्यार्थी घरच्या मोबाइलवर अभ्यासाला बसतो. सकाळी श्वासाकडे लक्ष देताना जे केले, त्याचा संध्याकाळच्या अभ्यासाशी संबंध आहे, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. तो संबंध जोडणे हे आजच्या शिक्षणापुढचे तातडीचे काम आहे, असे आम्हाला वाटते.

मोबाइल शिक्षणात आला तो निरुपायाने आणि राहिला तो उपयोगाने. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा राज्यभर पोहोचली, तेव्हा अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातल्या डोंगराआडच्या वाड्यांसमोर पहिला प्रश्न रेंजचा होता. आज प्रश्न बदलला आहे. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, दीक्षा ॲपवर धडे आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोडचा जो वापर केला, त्याची दखल २०२० च्या ‘ग्लोबल टीचर’ पुरस्काराने जगाने घेतली. खेड्यातल्या मुलापर्यंत उत्तम धडा पोहोचू शकतो, हे सिद्ध झाले आहे. आता तो धडा मुलाच्या मनापर्यंत पोहोचतो का, हे पाहायला हवे.

ग्रामीण भारतातल्या मुलांविषयीचा ‘असर २०२४’ अहवाल याबाबत बोलका आहे. १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाशी संबंधित काही केले होते. समाजमाध्यमे वापरणारे मात्र ७६ टक्के होते. याचा अर्थ मुले बिघडली, असा कोणी घेऊ नये. अभ्यास आणि करमणूक एकाच काचेवर, एकाच बोटाच्या अंतरावर आहेत, एवढाच त्याचा अर्थ आहे. अपूर्णांकांचा व्हिडिओ सुरू असताना वर कोणाचा तरी निरोप झळकतो. तो वाचून मूल परत येते तेव्हा गणिताची मधली पायरी निघून गेलेली असते. माणूस एका वेळी फार थोड्या गोष्टी डोक्यात धरू शकतो. दुसरीकडे वळले की धरलेले निसटते आणि पुन्हा पहिल्यापासून जुळवावे लागते. युनेस्कोने २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटले आहे की, एकदा विचलित झालेल्या विद्यार्थ्याला शिकण्यावर पुन्हा लक्ष केंद्रित करायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. शाळेची तासिका साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांची असते, हे येथे लक्षात घ्यावे.

मावळातल्या अनेक घरांत फोन मुलाचा नसतोच. तो आईचा किंवा वडिलांचा असतो. वडील तळेगाव-चाकणच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आले की तासाभरासाठी तो मुलांच्या हाती येतो. त्यातही मुलीचा नंबर बहुधा शेवटी लागतो. ‘असर २०२३’ नुसार १४ ते १८ वयातील स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. ज्या मुलीला दिवसातून अर्धाच तास फोन मिळतो, तिच्या त्या अर्ध्या तासातली दहा मिनिटे जाहिरातींत आणि आपोआप सुरू होणाऱ्या पुढच्या व्हिडिओत गेली, तर तिचे नुकसान सर्वांत मोठे. म्हणून लक्ष देता येणे हा सुखवस्तूंचा छंद नाही. ज्याच्याकडे साधने कमी, त्याला त्याची गरज जास्त.

अशा वेळी सहज सुचणारा उपाय म्हणजे बंदी. वर्गातून फोन बाहेर ठेवणे योग्यच आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये तसा कायदा केला आणि इतरही अनेक देश त्या वाटेने गेले. पण बंदीने फोन दूर होतो, लक्ष देण्याची सवय तयार होत नाही. शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच मुलाची गाठ त्याच काचेशी पडते. भाताची लावणी करायची तर आधी वाफ्यात रोप तयार करावे लागते, हे मावळच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. लक्षाचेही तसेच आहे. ते आधी तयार करावे लागते, मग त्याच्या जोरावर शिकता येते.

ते तयार करण्याची शिकवण मावळच्या कातळात दोन हजार वर्षांपासून आहे. भाजे, कार्ले आणि बेडसे येथील लेणी पाहायला आपण पावसाळ्यात गर्दी करतो. पण ज्या भिक्षूंसाठी ती कोरली, त्यांचाही चार भिंतींतला मुक्काम पावसाळ्यातच असे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत फिरती थांबवून अध्ययन आणि ध्यान करण्याचा त्यांचा नेम होता. भाज्याच्या विहारातल्या छोट्या खोल्या आणि दगडी ओटे आजही दिसतात. कार्ल्याचा चैत्य भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठा. त्यावरच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत: वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचे यवन, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सुतार. ही लेणी निर्जन अरण्यात नव्हती. कोकणातल्या बंदरांकडून बोरघाटाने देशावर येणाऱ्या व्यापारी वाटेवर ती होती. खाली मालाचे तांडे जात होते आणि वर माणसे श्वासाकडे लक्ष देत बसली होती. गजबजाटाच्या शेजारी राहूनही मन जागेवर ठेवता येते, असा विश्वास त्यामागे होता. आज त्याच खोऱ्यातून रेल्वे आणि द्रुतगती महामार्ग जातात आणि फोनचे मनोरे उभे आहेत. तो विश्वास आजही कामाचा आहे.

या शिकवणीचे सार साधे आहे. आनापान या ध्यानप्रकारात नैसर्गिकपणे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहायचे असते. मन पळते, पळणारच. ते पळाले हे ध्यानात आले की स्वतःवर न चिडता त्याला परत आणायचे. मन पळू न देणे हे या सरावाचे उद्दिष्ट नाही. ते गेल्याचे लवकर कळणे हीच खरी कमाई आहे. स्क्रीनसमोर बसलेल्या मुलाला नेमकी हीच गोष्ट हवी असते. ‘मी भूगोल पाहत होतो, आता रील पाहतो आहे’ हे त्याचे त्याला वेळेवर कळले पाहिजे. बाहेरून कोणी ओरडून ते साधत नाही.

महाराष्ट्राने याची सुरुवात केलेली आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या साहाय्याने शालेय शिक्षण विभागाने ‘मित्र उपक्रम’ आणला आणि शाळांत रोज दहा मिनिटे आनापानाचा सराव सुचवला. जिथे मुख्याध्यापकांनी मनावर घेतले तिथे तो रुजतो. जिथे तो कागदोपत्री राहतो तिथे डोळे मिटून बसण्याची शिक्षा होऊन बसतो.

येथे प्रामाणिक राहायला हवे. ब्रिटनमध्ये सुमारे ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षकांनी वर्गात सजगतेचे धडे दिले, तरी मुलांचे मानसिक आरोग्य नेहमीच्या शिकवणीपेक्षा सुधारले नाही. बहुतेक मुलांनी वर्गाबाहेर सराव फारसा केलाच नव्हता. यावरून ध्यान निरुपयोगी ठरत नाही. सर्वांना एकच मात्रा देऊन, चार धडे शिकवून मन घडत नाही, हे ठरते. सरावाशिवाय केलेला उपदेश वाया जातो.

सराव तपासूनही पाहावा लागतो, हे स्वामी कुवलयानंदांनी ओळखले होते. अमळनेरला अध्यापन केलेल्या या माणसाने १९२० च्या दशकाच्या आरंभी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने योगक्रियांचा अभ्यास केला. ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचे नियतकालिकही १९२४ मध्येच सुरू केले. श्रद्धा असूनही त्यांनी मोजमाप टाळले नाही. योगदिनाला त्यांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या प्रत्येक शाळेने त्यांची ही वृत्तीही उचलावी. सरावही हवा आणि त्याची तपासणीही हवी.

म्हणून मावळ पंचायत समितीचा शिक्षण विभाग, केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना आमची सूचना आहे. यंदा तालुक्यातल्या काही शाळांत वर्षभर रोज पहिल्या तासिकेपूर्वी आणि मधल्या सुट्टीनंतर पाच-पाच मिनिटे शांत बसण्याचा सराव घ्या. आधी शिक्षकांनी तो स्वतः करावा. ज्या मुलांना डोळे मिटणे नको वाटते, त्यांना उघड्या डोळ्यांनी बसू द्या. त्याला कोणत्याही धर्माचे रूप देऊ नका. वर्षाअखेरीस वाचन, आकलन आणि वर्गातली एकाग्रता तपासा, सराव न घेतलेल्या शाळांशी तुलना करा आणि जे निघेल ते जाहीर करा. लोणावळ्यात शतक गाठलेली संशोधनसंस्था असताना या कामासाठी लांब जायची गरज नाही.

मोबाइलवरच्या अभ्यासालाही चार साध्या शिस्ती हव्यात. फोन हाती घेण्यापूर्वी आज काय शोधायचे आहे तो प्रश्न वहीत लिहावा. नोटिफिकेशन आणि ऑटोप्ले बंद करावे. एका वेळी एकच धडा उघडावा. धडा संपला की स्क्रीन पालथी ठेवून जे आठवते ते स्वतःच्या शब्दांत लिहावे. पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेले जास्त दिवस टिकते, हे २००६ मधील अमेरिकी संशोधनाने दाखवले आहे. ऐकलेले हाताने उतरवून ठेवण्याचे मोल मावळाला नवे नाही; तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी याच तालुक्यात सुदुंबऱ्याला आहे.

आणि हे केवळ मुलांवर सोडून चालणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून घरोघरी दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. त्या गावाचे वेगळेपण हे की, नियम मोठ्यांनीही पाळला. मुलाला ‘फोन ठेव’ म्हणणाऱ्याच्या हातातच फोन असेल, तर त्या शब्दाला वजन राहत नाही.

शाळांनी, पंचायतींनी आणि पालकांनी या जूनमध्ये एवढे ठरवावे. वेळापत्रकात गणिताला, भाषेला, खेळाला जागा आहे; तशी रोजची दहा मिनिटे लक्षाला द्यावीत. घरी एक तास सर्वांनीच फोन बाजूला ठेवावा. योगदिनाचे छायाचित्र काढून झाले की काम संपत नाही. ते २२ जूनला सुरू होते आणि परीक्षेपर्यंत रोज करावे लागते.