धार साखळीला लावा, इंजिनाला नको

२०२०च्या निसर्ग चक्रीवादळात वाडीतली झाडं आडवी झाली, तेव्हा माझ्या भाच्याने चेनसॉ घेतला. परवा म्हणाला, "मामू, सायलेन्सर मोकळा करून घेतला. आता मशीन कसं पळतंय बघा!"

पळतंय, हे खरंच. धुराला वाट मिळाली की ताकद वाढते. पण कार्ब्युरेटर तसाच ठेवला तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, लिटरमागे साधारण २० मिली. पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी. पिस्टन तापतो, जाम होतो. कार्ब्युरेटर नीट लावून घेतला तर इंजिन वाचेल, पण कानांचं काय? चेनसॉचा आवाज मुळातच शंभर डेसिबलच्या वर असतो. मशीन बंद केल्यावरही माझी पहिली हाक त्याला ऐकू आली नाही. वय अवघं तेवीस.

मी त्याला खाली पडलेला भुसा दाखवला. पिठासारखा बारीक. साखळी बोथट झाल्याची ही खूण. धारदार साखळी ढलप्या काढते. त्यासाठी गोल कानस आणि थोडा धीर पुरतो.

आम्ही शिक्षकही हेच करतो. मूल अडलं की आवाज वाढवतो. धार लावायची राहून जाते.