नवपदवीधर परिचारिका : पदवी हाती, पण पहिली ओळख कुठून आणायची?

नवी दिल्ली : देशात परिचारिकांचा तुटवडा असल्याचे एकीकडे सातत्याने सांगितले जाते, दुसरीकडे नुकतीच पदवी घेतलेली परिचारिका अर्ज घेऊन रुग्णालयांचे उंबरठे झिजवताना दिसते. या विसंगतीचे उत्तर रिक्त पदांच्या आकडेवारीत कमी आणि पहिली नोकरी प्रत्यक्षात कशी मिळते, या प्रक्रियेत अधिक दडलेले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मे २०२५ मधील अहवालानुसार, २०२३ मध्ये जगभरात २ कोटी ९८ लाख परिचारिका कार्यरत होत्या आणि तरीही सुमारे ५८ लाखांची उणीव होती. भारतात राज्य परिषदांकडे नोंदणी झालेल्या परिचारिकांची संख्या ३३ लाखांहून अधिक आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये १,५७० कोटी रुपये खर्चाच्या १५७ नव्या शासकीय परिचर्या महाविद्यालयांना मंजुरी दिली. त्यातून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर बाहेर पडतील, अशी अपेक्षा आहे. म्हणजे पुरवठा वाढत आहे. मात्र या पदवीधरांना सेवेत सामावून घेणारे दार त्याच वेगाने रुंद होताना दिसत नाही.

दोन दारे, दोन नियम

शासकीय सेवेचे दार स्पर्धा परीक्षेतून उघडते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांमधील परिचर्या अधिकाऱ्यांची भरती ‘नॉरसेट’ या सामाईक परीक्षेद्वारे होते. तेथे बी.एस्सी. नर्सिंग पदवीधराला अनुभवाची अट नाही. जीएनएम पदविकाधारकाला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव आवश्यक असतो. एम्समधील जागा महिला आणि पुरुषांसाठी ८०:२० या प्रमाणात विभागल्या असल्याने पुरुष पदवीधरांची वाट अधिकच अरुंद होते. या परीक्षेत ओळखीपाळखीला वाव नाही, हे तिचे बळ आहे.

खासगी रुग्णालयांत अशी सामाईक परीक्षा नाही. जाहिरातीत अनुभव मागितला जातो आणि नोकरीशिवाय अनुभव मिळत नाही. हे चक्र बहुधा कोणाच्या तरी शब्दानेच तुटते.

हा शब्द कोणाचा, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. अर्ज मनुष्यबळ विभागाकडे जात असले, तरी उमेदवाराची पारख सामान्यतः परिचर्या विभागच करतो. अधिसेविका किंवा नर्सिंग सुपरिंटेंडेंट मुलाखत घेतात आणि कोणत्या कक्षात माणूस कमी आहे, हे त्यांना कक्षाच्या परिसेविका सांगतात. जागा रिकामी होणार असल्याची वार्ता जाहिरातीच्या आधी या साखळीत पोहोचते. प्रात्यक्षिकाच्या काळात या परिसेविकेच्या हाताखाली काम केलेल्या विद्यार्थिनीला ती वार्ता कळते. शेकडो किलोमीटरवरून ई-मेलने अर्ज पाठवणारीला कळत नाही.

ओळख आणि वशिला

अशी ओळख म्हणजे वशिलाच, असे सरसकट म्हणणे योग्य ठरणार नाही. औषधाची मात्रा ती दोनदा तपासते का, नोंदी वेळेवर लिहिते का, रात्रपाळीत चूक झाल्यास लपवते की कळवते, या गोष्टी गुणपत्रिकेत दिसत नाहीत. तिला काम करताना पाहिलेल्या वरिष्ठ परिचारिकेचे मत म्हणूनच मोलाचे असते. तिच्या कामाशी परिचय नसलेल्या माणसाचा शब्द चालतो, किंवा तोच परिचय मध्यस्थ पैसे घेऊन विकतो, तेव्हा ओळखीचा वशिला होतो.

खरा प्रश्न संधीच्या विषमतेचा आहे. मोठ्या रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थिनीला चार वर्षांत अनेक वरिष्ठांसमोर काम करण्याची संधी मिळते. तालुक्याच्या ठिकाणी, मोजक्या रुग्णसंख्येच्या रुग्णालयात शिकलेल्या विद्यार्थिनीची पदवी तीच असते. तिला ओळखणारे मात्र कमी असतात.

ओळखीने मिळालेल्या नोकरीची आणखी एक किंमत असते. ज्यांनी शब्द टाकला त्यांचा संकोच वाटून नवी परिचारिका वेतन, पाळ्यांचे तास किंवा बंधपत्राविषयी प्रश्न विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या निर्देशांनंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये वेतनाची, तर २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयांत राज्य शासनाच्या परिचारिकांइतक्या वेतनाची शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. ही शिफारस ठाऊक असलेली उमेदवार ‘प्रशिक्षणार्थी’ या नावाखाली अनेक महिने तुटपुंज्या विद्यावेतनावर राबण्यापूर्वी, किंवा मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या हवाली करण्यापूर्वी, निदान लेखी अटी मागू शकते.

राज्याबाहेर पडताना

महाराष्ट्रातून दिल्ली, हैदराबाद किंवा बंगळुरूला जाणाऱ्या परिचारिकेपुढे आणखी एक अडसर असतो. नोंदणी राज्य परिषदेची असल्याने दुसऱ्या राज्यात काम करताना मूळ परिषदेकडील पडताळणी आणि नव्या परिषदेकडील नोंदणी करावी लागते. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात सुलभतेने चालली, तर परराज्यातील अनोळखी उमेदवाराची पात्रता पडताळणे रुग्णालयांना सोपे जाईल.

तोवर काही गोष्टी उमेदवाराच्या हाती आहेत. आंतरवासितेचा अखेरचा आठवडा संपण्यापूर्वीच परिसेविकेकडून कामाविषयी लेखी अभिप्राय घेणे, केलेल्या प्रक्रियांची स्वाक्षरीसह नोंदवही जपणे, आणि ‘काही काम असेल तर सांगा’ असे मोघम न लिहिता कोणत्या कक्षात, किती काळ काम केले हे सांगणारे छोटे पत्र अधिसेविकेला पाठवणे, हे वशिल्याविना साधणारे संपर्क आहेत. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या राज्य शाखा आणि विद्यार्थी शाखा यांमुळेही आपल्या महाविद्यालयाबाहेरील वरिष्ठांना भेटण्याचे निमित्त मिळते.

परंतु सारा भार बावीस वर्षांच्या मुलीच्या धिटाईवर टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. महाविद्यालयांनी लहान-मोठ्या दोन्ही रुग्णालयांत प्रात्यक्षिके द्यावीत, रुग्णालयांनी जाहिरातीत खाटांची संख्या आणि वेतन नमूद करावे आणि काही जागा अनुभव नसलेल्यांसाठी उघडपणे राखाव्यात. अनुभवी परिचारिका आभाळातून पडत नाहीत. कोणत्या तरी रुग्णालयाने त्यांना पहिली पाळी दिलेली असते.