अण्णांचं पान

या सदरात मी नेहमी दुसऱ्यांना शहाणपण शिकवतो. फोन अपडेट करा, पासवर्ड बदला, वगैरे. आज माझाच गाढवपणा सांगतो.

दिवाळीच्या आधी आत्याचा फोन आला. "अरे, तू कॉलेजात असताना अण्णांचं ते इंटरनेटवर पान केलं होतंस ना, ते उघडतंय, पण वाचता येत नाहीये. तेवढं नीट करून दे." अण्णा म्हणजे माझे आजोबा. जुन्या बडोद्याच्या आठवणींचे चौदा लेख त्यांनी लिहिले होते आणि घरच्या घरी एक पुस्तिका काढली होती. उरलेल्या प्रती आत्याकडे होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी तिच्या तळमजल्यात शिरलं, त्यात त्या गेल्या. म्हणजे आता उरलं होतं ते माझं पान.

फोनवर उघडलं. वर एक पट्टी उजवीकडून डावीकडे मजेत सरकत होती, आणि तिच्यात, खाली, सगळीकडे नुसता कचरा: टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं, पौंडाची खूण, उलटे स्वल्पविराम. अण्णांचा एक शब्द ओळखू येईना. तळाशी मी अभिमानाने लावलेलं चित्र मात्र शाबूत होतं: इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्येच पाहावे.

झालं होतं असं. २००६ साली मी बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. पुस्तिकेची सीडी डीटीपीवाल्याकडून आणली. त्या काळी बरेच मराठी फॉण्ट म्हणजे एक सोंग असायचं. आत साठवलेली अक्षरं इंग्रजीची, फक्त त्यांचे चेहरे देवनागरी. फॉण्ट काढला की सोंग उतरतं. युनिकोड तेव्हाही होतं, पण सगळा मजकूर पुन्हा टाइप कोण करणार? मग मी सोपा रस्ता धरला. पानाबरोबर फॉण्टही आपोआप उतरवायची एक सोय इंटरनेट एक्सप्लोररमध्ये होती, ती वापरली. कॉलेजच्या लॅबमध्ये, सायबर कॅफेत, सगळीकडे तोच ब्राउझर. दुसरं कोणी काही वापरेल असं डोक्यातच आलं नाही. फायरफॉक्स तर २००४ पासून होता! २००८ मध्ये क्रोम आला. त्या पद्धतीचा फॉण्ट या दोघांनाही कधीच वाचता आला नाही. १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला आणि अण्णांचं मराठी त्याच्याबरोबर गेलं. होस्टिंगचे पैसे मी दरवर्षी भरत होतो. पान उघडून मात्र कधी पाहिलं नाही.

गंमत बघा, ती सरकणारी पट्टी अजून चालते. ती वापरू नका असं वर्षानुवर्षं सांगितलं जातंय, पण जुनी पानं मोडू नयेत म्हणून ब्राउझरवाले तिला सांभाळतात. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतलं १९९१ चं पहिलं संकेतस्थळ आजच्या क्रोममध्येही वाचता येतं. क्रोमच्या नव्या आवृत्त्या सतत येत राहतात, तरी त्या पानाला काही होत नाही. कारण त्यात शीर्षक, परिच्छेद आणि दुवे, एवढंच आहे.

याच सुमारास भाची विचारत होती, "मामा, रिॲक्ट शिकू की अँग्युलर? का आता सगळं एआयच लिहितं, तर काहीच नको?" ती सेकंड इयरला आहे. मी म्हटलं, सुट्टीत ये, पणजोबांचं पान दुरुस्त करू.

पानातला जुना फॉण्ट सोडवून कुठल्या कोडवर कुठला आकार आहे याचा तक्ता केला. नुसती अदलाबदल केली आणि निघाले भुताटकीचे शब्द. जुन्या फॉण्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर; जोडाक्षर असेल तर तिला अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यावं लागतं. रफाराचं उलटं. 'सर्व'मधला र जुन्या फॉण्टमध्ये व च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. ग, ण यांचे तर अर्धं अक्षर आणि काना असे दोन तुकडे. 'दुसऱ्या'मधल्या र ने एक अख्खी दुपार खाल्ली. भाचीने हे सगळं साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं, कुठलंही फ्रेमवर्क न घेता. मोठे तुकडे आधी बदलायचे, लहान नंतर, हे तिला तिसऱ्या दिवशी आपणहून कळलं.

मधे कंटाळून तिने दोन परिच्छेद एआयला दिले. क्षणात सुरेख मराठी आलं. आम्ही खूश. मग तक्त्याशी ताडून पाहिलं तर अर्धी वाक्यं अण्णांची नव्हतीच! पाणी तापवायच्या बंबाचा त्याने चक्क बाँब केला होता. तेव्हापासून तिने त्याला फक्त कोडमधल्या चुका विचारल्या, मजकूर नाही.

रिॲक्ट की अँग्युलर? खरं सांगू, मला उत्तर देववत नाही. मी जेक्वेरी शिकलो, मग अँग्युलरजेएस. त्याचा पाठिंबा २०२१ च्या अखेरीस बंद झाला. तेव्हा मी महिनाभर नीट झोपलो नव्हतो. घराचा हप्ता चालू होता आणि मुलाखतीत समोर बसलेली मुलं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तरलो ते एचटीएमएल, सीएसएस आणि साधं जावास्क्रिप्ट येत होतं म्हणून. नोकरीच्या जाहिरातीत जे मागतात ते शिकावंच लागतं, तिलाही लागेल. पण आधी पान एमडीएन उघडून हाताने लिहून बघ, आणि ते दोन-तीन ब्राउझरमध्ये आणि आत्याच्या फोनवर उघडून बघ, एवढं मी तिला बजावलंय.

आत्तापर्यंत अकरा लेख झालेत. पहिला आत्याला पाठवला. तासाभराने फोन. "सगळं वाचलं रे. पण अण्णा 'दांडिया बाज़ार' असं लिहायचे नाहीत. ज ला नुक्ता कुठून आणलात?"

भाचीने तक्ता पुन्हा उघडलाय.