चौदा दिवसांची मुदत आणि तिची किंमत

अमेरिकेतील मोबाईल कंपन्यांची एक रीत आमच्या व्यापारी बांधवांनी समजून घेण्यासारखी आहे. नवे गिऱ्हाईक आले की त्याला सांगितले जाते, काही दिवस वापरून पाहा, घरात रेंज मिळाली नाही तर फोन परत आणा. यात मेहेरबानी कमी आणि हिशेब जास्त आहे. तेथे अनेक वर्षे दोन-दोन वर्षांच्या करारांची पद्धत होती आणि मध्येच सोडून जाणाऱ्याला जबर दंड भरावा लागे. व्हेरायझन कंपनीने नोव्हेंबर २००९ मध्ये स्मार्टफोनवरचा हा दंड १७५ डॉलरवरून थेट ३५० डॉलरवर नेला. इतक्या घट्ट दोरीने माणसाला बांधायचे, तर गाठ मारण्यापूर्वी त्याला विचार करू दिला पाहिजे. म्हणून कंपन्यांच्या सीटीआयए या संघटनेने २००३ च्या आपल्या आचारसंहितेत किमान चौदा दिवसांची मुदत घातली. सरकारने बडगा उगारण्याआधी आपणच नियम केलेला बरा, असाही विचार त्यामागे असावा.

मात्र ही मुदत फुकट नव्हती. या काळात सोडले तर दंड नाही, पण केलेल्या कॉलचे पैसे लागू शकतील, असे त्याच आचारसंहितेत होते. शिवाय फोन परत घेताना कंपन्या ‘रिस्टॉकिंग फी’ कापून घेतात, म्हणजे माल पुन्हा फडताळात ठेवण्याचा आकार. व्हेरायझनने ३५ डॉलर घेतले, पुढे ते ५० केले. आता कंपनीचे म्हणणे खोटे आहे काय? आम्ही स्वतः दुकानदारीतले, आम्ही तसे म्हणणार नाही. फुटलेल्या सीलचा डबा नवा म्हणून विकता येत नाही, तपासणीला माणूस लागतो, भाव उतरतो. आमची तक्रार आकाराविषयी नाही, तो सांगण्याच्या वेळेविषयी आहे. ‘चौदा दिवस’ मोठ्या अक्षरांत आणि कपात बारीक अक्षरांत! गिऱ्हाईकाला ती कळते केव्हा, तर परत करायला काउंटरवर उभे राहिल्यावर.

टी-मोबाईलने २०१४ मध्ये आयफोन सात दिवस फुकट वापरायला दिला, तोही क्रेडिट कार्डावर सुमारे ७०० डॉलर अडकवून. त्याच कंपनीने २०२२ मध्ये ई-सिमवर तीन महिने नेटवर्क फुकट तपासू दिले. दानत वाढली असे नव्हे. यात हँडसेट नाही, डबा फुटत नाही, कुरिअर नाही. परतीचा खर्चच उरला नाही.

मुदतीने विकण्याची ही कल्पना आपल्याला नवी नाही. फिकहमध्ये तिला ‘खियार-ए-शर्त’ म्हणतात. सौदा करतानाच ठरवायचे की इतक्या दिवसांत मोडण्याचा हक्क राहील. इमाम अबू हनीफा यांच्या मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत. त्यांचे शागीर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी अधिकही मान्य केली, फक्त ती ठरलेली हवी. कोकणातील आमच्या शाफई बांधवांकडेही तीनच दिवस. आणि पक्का झालेला सौदा उभयतांच्या राजीखुशीने मोडायचा, ज्याला ‘इकाला’ म्हणतात, तर हनफी मताने मूळ किमतीलाच मोडायचा. गिऱ्हाईकाच्या हाती मालात ऐब आला असेल तरच रक्कम कमी करता येते. सील फुटणे हा ऐब धरायचा काय, हे उलमांनी सांगावे. बाजार तर तो धरतोच.

आता आपल्या दुकानाकडे पाहू. बिलावर ठसा असतो, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. वडिलांच्या काळापासून चालत आलेला हा ठसा आता धोक्याचा झाला आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर तीस दिवस. म्हणजे जो काहीच लिहीत नाही, त्याच्या गळ्यात कायदाच महिना घालतो. बिल न देणे हीही त्याच यादीत आहे, हे कच्च्या चिठ्ठीवर धंदा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. मात्र हा हक्क सदोष मालापुरता आहे. रंग आवडला नाही म्हणून आणलेला चांगला फोन घ्यावा की नाही, हे आपल्या ठरावावर.

येथेच लहान दुकानदाराची कोंडी होते. तेथे परतीचा फोन कंपनीच्या गोदामात जातो. आमच्या मोबाईलवाल्याने चालू केलेला हँडसेट परत घेतला, तर तो पुढे वितरकाच्या गळी उतरवणे कठीण. नुकसान त्याच्या गल्ल्यातून जाते. यंत्रमागवाल्या कारागिराचे दुखणे तर याहून जुने आहे. कापड उचलणारा व्यापारी आठवड्यांनी डाग दाखवतो आणि पेमेंटमधून मनाला येईल तितके कापतो, कारण तपासणीची मुदत ठरलेलीच नसते. मुदत गिऱ्हाईकाच्याच फायद्याची असते, असे समजून ती टाळणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांनी यावर विचार करावा.

तेव्हा पुढचे बिलबुक छापायला टाकताना जुना ठसा काढावा. त्याजागी तीन ओळी छापाव्यात: सदोष माल किती दिवसांत परत घेऊ, चांगला माल परत घेणार असल्यास सील व डबा कसा हवा, आणि उघडलेल्या मालावर किती कापू, तो आकडा रुपयांत. अक्षर किमतीच्या अक्षराएवढेच असावे, आणि पैसे घेण्यापूर्वी गिऱ्हाईकाला ते वाचून दाखवावे.