नेकनूरच्या मुलांना आकाशाचा डेटा द्या

विज्ञान दिनाला दुर्बीण आणायची, चंद्र दाखवायचा आणि ती परत न्यायची, एवढ्यावर आपल्या ग्रामीण भागातले खगोलशिक्षण थांबते. बीड तालुक्यातल्या नेकनूरसारख्या गावी याच्या बरेच पुढे जाता येईल, कारण आघाडीच्या संशोधनाची सामग्री आता दुर्बीण असणाऱ्यांपुरती राहिलेली नाही. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेचे 'झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी' हे सर्वेक्षण २०१८ पासून उत्तरेचे आकाश दर दोन-तीन रात्रींनी टिपते आणि त्याच्या नोंदी टप्प्याटप्प्याने सर्वांना मोफत मिळतात. याच नोंदींतून २०१९ मध्ये ६.९१ मिनिटांत एकमेकांभोवती फेरी घालणारे दोन श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे, सापडले. ही अख्खी जोडी शनी ग्रहाच्या पोटात मावेल!

दोन-तीन रात्रींनी काढलेल्या छायाचित्रांवरून सात मिनिटांची फेरी कशी कळणार, ही शंका रास्त आहे. एक आवर्तकाळ गृहीत धरायचा आणि कित्येक महिन्यांची निरीक्षणे त्या मापाने दुमडून एकावर एक ठेवायची. काळ चुकला तर ठिपके विखुरतात. जुळला तर एक तारा दुसऱ्याला झाकतो तेव्हाचा खड्डा आलेखात स्वच्छ उमटतो. असे लक्षावधी काळ संगणकच तपासतो, मग माणूस कशाला हवा? कारण संगणक फसतो. निरीक्षणे फक्त रात्री होत असल्याने दिवसाच्या लयीशी जुळणारे खोटे काळ निघतात, शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश मिसळतो, दोन्ही ग्रहणे सारखी असली तर खरा काळ निम्माच दिसतो. हे ओळखायला बारावीचे गणित आणि थोडी पायथॉन ही संगणकभाषा पुरते. एका ताऱ्याच्या नोंदींची फाइल मोबाइलच्या एका फोटोहून लहान असते; तेव्हा इंटरनेट मंद असल्याची सबब इथे चालत नाही.

ज्या जिल्ह्यातली कुटुंबे ऊसतोडीला जातात, तिथे ताऱ्यांचे काय घेऊन बसलात, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. पण तुटक नोंदींतून लय शोधण्याची हीच रीत पावसाच्या आणि भूजलाच्या आकड्यांनाही लागू पडते. शिवाय मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. त्या श्वेतबटूंच्या गुरुत्वीय लहरी इतक्या संथ आहेत की तिला त्या टिपता येणार नाहीत, हे खरे. मात्र त्या लहरींतून ऊर्जा जात असल्यानेच त्यांची फेरी आखडते आहे आणि ते ग्रहणांच्या वेळांवरून मोजता आले आहे. हे गणित आपल्या मुलांच्या हाती नसेल, तर हिंगोलीच्या प्रकल्पात त्यांच्या वाट्याला पहाऱ्याची आणि साफसफाईचीच कामे येतील. पुण्याच्या 'आयुका' या खगोलसंशोधन संस्थेने आणि मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षकांची शिबिरे घ्यावीत, मराठीत कृतिपुस्तिका काढावी. सुरुवात ज्यांचा काळ ठाऊक आहे अशा ग्रहणकारी ताऱ्यांपासून करावी आणि उत्तरे जुळू लागली की मुलांपुढे अनोळखी तारे ठेवावेत.